सावलीतली अबोली: पहिल्या रोपापासून पहिल्या वळेसरापर्यंत

तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाची बागेची हौस लवकर उतरते. समोर दुसरी इमारत, मागे कंपाउंडची भिंत, डोक्यावर पहिल्या मजल्याची गॅलरी, आणि उरलंसुरलं ऊन सोसायटीचा आंबा खाऊन टाकतो. मी मोगरा लावला, त्याला पानंच पानं. जास्वंद लावली, ती वर्षातून दोनदा उपकार केल्यासारखी फुलली. गुलाबाचं तर विचारूच नका. शेवटी कुडाळहून निघताना आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून चार काड्या पिशवीत टाकल्या. "अबोली आसा. हिका कडक ऊन नको. आपल्याकडे माडाखालीच तर आसा."

त्या चारांपैकी तीन मी मारल्या. कशा, ते पुढे सांगते. चौथी जगली, आणि आज पुण्यातल्या आमच्या त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात अबोलीच्या अकरा कुंड्या आहेत. त्या सगळ्या तिचीच पिलावळ.

अबोली, म्हणजे नर्सरीवाल्यांची क्रॉसँड्रा, मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. अडुळसा आणि कोरांटी हे तिचे भाऊबंद. उंची दीड-दोन फूट, फार तर तीन. पानं गडद हिरवी, तकतकीत, कडेला जराशी लाटेरी. फांदीच्या टोकाशी हिरव्या खवल्यांचं कणीस येतं आणि त्याच्या खवल्या-खवल्यातून फुलं निघतात. फूल जवळून बघितलंत तर अर्धंच वाटतं: बारीक लांब नळी, आणि तिच्या तोंडाशी एकाच बाजूला पंख्यासारखी पसरलेली पाकळी. उरलेली बाजू कुणीतरी कात्रीनं कापून नेल्यासारखी. वास अजिबात नाही. पण झाडावर फूल काही दिवस टिकतं आणि गजऱ्यातही (कोकणात त्याला वळेसर म्हणतात) मोगऱ्यासारखं संध्याकाळी मान टाकत नाही. वर्षायू नाही, नीट सांभाळली तर तीन-चार वर्षं भरपूर फुलते. सावलीत फुलणाऱ्या, आपल्या हवेला सरावलेल्या आणि कमी जागेत मावणाऱ्या झाडांत नवशिक्यांनी हिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पीस लिली वगैरे नंतर.

१. आधी आठवडाभर नुसती सावली बघा

रोप आणायची घाई करू नका. 'आमच्याकडे सावली आहे' या वाक्याला तसा काही अर्थ नाही. झाडाखालची जाळीदार सावली वेगळी, पांढऱ्या भिंतीवरून उजेड परतून येतो ती वेगळी, आणि जिन्याखालचा काळोख वेगळा. अबोलीला पहिल्या दोन चालतात. तिसऱ्यात ती मरत नाही, पण उजेड शोधत लांबट किडमिडी होते आणि कणीस धरत नाही.

परीक्षा सोपी आहे. दुपारी बाराच्या सुमारास, आभाळ मोकळं असताना, कुंडी ठेवायच्या जागेवर हात आडवा धरा, जमिनीपासून फूटभर वर. हाताची सावली कडक, बोट न् बोट स्पष्ट पडली तर ते ऊनच आहे. उन्हाळ्यात तिथे पानं करपतील. सावली धूसर, पण हाताची आहे एवढं कळतंय, तर जागा उत्तम. सावली पडतच नसेल तर तिथे अबोली नको, एखादं नुसत्या पानांचं झाड ठेवा. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि बाकी दिवस असा धूसर उजेड मिळाला तर आणखी काही मागू नका.

आता एक गोष्ट, जी मला दोन वर्षं कळली नव्हती. आपल्याकडे ऊन ऋतूप्रमाणे घराची बाजू बदलतं. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो तो, तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. मुंबई-पुण्याकडे तो मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या अखेरीला पुन्हा येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य भर दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. उन्हाळ्यात तो असा उत्तरेकडे सरकत जातो, म्हणून उत्तरेच्या गॅलरीत एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं आणि डिसेंबरात तिथे एक कवडसाही पडत नाही. दक्षिणेच्या गॅलरीत बरोब्बर उलटं: थंडीत ऊन पार हॉलच्या सोफ्यापर्यंत, आणि उन्हाळ्यात वरच्या गॅलरीमुळे सावली. तेव्हा एका महिन्यात बघितलेली सावली बारा महिन्यांची समजू नका. म्हणूनच पहिल्या वर्षी रोप जमिनीत न लावता कुंडीत लावा. चुकलं तर उचलून हलवता येतं.

२. रोप निवडताना

सगळ्यात जास्त फुलं असलेलं रोप उचलायचा मोह होतो. तो आवरा. बुटकं, बुंध्यापासूनच तीन-चार फांद्या फुटलेलं, खालची पानं शाबूत असलेलं रोप घ्या. पानं उलटून बघा. शिरेच्या कडेला कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर पुढच्या रोपाकडे वळा. नर्सरीवाला हो म्हणाला तर पिशवीतून मुळं हळूच बाहेर काढून बघा. पांढरट, दोऱ्यासारखी असली तर छान. मुळांवर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गाठी असतील तर ते रोप फुकट मिळालं तरी घरी आणू नका, ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमीची, खूण आहे. मी अशी एक गाठाळ अबोली एका नर्सरीतून स्वस्तात आणली होती. तिच्या मातीनं शेजारच्या दोन कुंड्याही बाद केल्या.

रंगात केशरी ही आपली नेहमीची. पिवळी आणि लालसरही मिळते. 'दिल्ली' म्हणून एक गडद केशरी प्रकार आहे. नाव दिल्लीचं असलं तरी लागवड दक्षिणेत, तमिळनाडू-कर्नाटकाकडे. तिच्यात बी धरत नाही, काड्यांवरूनच वाढवावी लागते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेले 'अर्का' नावानं सुरू होणारे वाणही आहेत, अर्का अंबरा, अर्का कनका वगैरे. मिळाले तर जरूर घ्या. नाही मिळाले तर कोकणात किंवा गोव्यात कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या परसातली काडी मागा. मला विचाराल तर तीच सगळ्यात चिवट. रानअबोली म्हणून निळसर हिरव्या फुलांचं एक झाड असतं, तेही सुंदर आहे, पण ते वेगळं.

आणायला चांगला काळ म्हणजे जून-जुलै. हवेत ओल असते आणि रोप जागा बदलल्याचं मनावर घेत नाही. मेमध्ये आणलंत तर पहिला आठवडा ते रुसून बसेल.

३. माती आणि कुंडी

कुंडी ८ ते १० इंची पुरे, मातीची असली तर उत्तम. तळाची भोकं मोकळी आहेत ना ते बोट घालून बघा. नव्या प्लास्टिकच्या कुंड्यांत ती नुसती खुणेपुरती असतात, तापवलेल्या सळईनं पाडावी लागतात. भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा.

मातीचं माझं माप असं: दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडसर वाळू. वर मूठभर निंबोळी पेंड. सावलीतली कुंडी लवकर वाळत नाही, म्हणून मला इथे कोकोपीटपेक्षा वाळूच बरी वाटते. नर्सरीतून तयार माती आणली असेल आणि ती भिजवल्यावर दिवसभर लगदाच राहत असेल, तर तिच्यात आणखी वाळू मिसळा.

देशावरच्या लोकांनी एक लक्षात ठेवावं. अबोलीला किंचित आंबट (आम्लधर्मी) ते साधारण माती मानवते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत ती आपसूक खूश असते. काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर मात्र काही महिन्यांत कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक म्हणतात खत कमी पडलं. खत असतं, पण अशा मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी, पाकिटावरच्या मापानं, केली की दोन-तीन आठवड्यांत नवीन पान हिरवं येतं. पावसाचं पाणी बादलीत धरून तेच घातलंत तर हा प्रश्न फारसा येतच नाही.

४. लावणी

संध्याकाळी लावा. पिशवी फाडून मातीचा गोळा न फोडता काढा. मुळं तळाशी गोल गोल गुंडाळली असतील तर बोटांनी जराशी सोडवा. पिशवीत रोप जितकं खोल होतं तितकंच कुंडीत ठेवायचं. बुंधा मातीत गाडला की तो कुजतो. वरून दोन बोटं जागा सोडा, नाहीतर पाणी घालताना माती फरशीवर. पाणी एकदा सावकाश, खालून गळेपर्यंत. पुढचे आठ दिवस कुंडी हलवू नका आणि दर सकाळी उकरून बघू नका.

जमिनीत, झाडाखाली लावायचं असेल तर आंब्या-फणसाच्या मुळांशी गाठ आहे. ती मुळं अबोलीच्या वाटचं पाणी आणि खत पिऊन टाकतात. बुंध्याला खेटून खड्डा घेऊ नका. दोन-तीन फूट लांब, जिथे कुदळीला जाड मूळ लागत नाही तिथे फूटभर खोल खड्डा घ्या आणि दोन रोपांत फूट-दीड फूट अंतर ठेवा. झाडाची मुळं तोडत बसण्यापेक्षा मी सरळ कुंडीच गळ्यापर्यंत जमिनीत पुरते. दिसायला जमिनीतलीच, आणि आंब्याला हात लागत नाही.

५. पाणी: इथेच तीन गेल्या

आईच्या चार काड्या मी चार कुंड्यांत लावल्या, खाली चार ताटल्या ठेवल्या आणि रोज सकाळी चहाआधी प्रत्येकीला एक तांब्या पाणी. जुलै महिना होता. पंधरा दिवसांत पहिलीनं माना टाकल्या. मला वाटलं तहानलीय, संध्याकाळचाही तांब्या सुरू केला. दुसरी, तिसरी. मग रागानं तिसरी उपटली तर हातात काळपट बुळबुळीत दांडा आला आणि डबक्याचा वास. चौथी वाचली कारण तिची ताटली फुटली होती.

तेव्हा घड्याळ बघून पाणी घालू नका. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. गार-ओलं लागलं, माती बोटाला चिकटली, तर आज नाही. कोरडं लागलं तर घाला, खालून गळेपर्यंत, आणि ताटलीतलं पाणी ओतून द्या. माझ्या सावलीच्या कोपऱ्यात उन्हाळ्यात हे एक दिवसाआड येतं, थंडीत चार-पाच दिवसांनी, आणि पावसाळ्यात आठवडाआठवडा येत नाही. पावसाळ्यात कुंडी दोन विटांवर ठेवा, ताटल्या माळ्यावर टाका. आणि पान मलूल दिसलं की तांब्या उचलण्याआधी बोट घालून बघा. माती ओली असताना झाड मान टाकत असेल तर पाण्यानं ते बरं होणार नाही.

६. खतपाणी थोडक्यात

महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, वरची माती खुरप्यानं हलकी करून. तीन महिन्यांनी निंबोळी पेंड. बास. युरिया किंवा दर आठवड्याचं जीवामृत असले लाड केलेत तर झाड हिरवंगार दिसेल, शेजारी कौतुक करतील, आणि कणीस येणार नाही.

७. कणसं कापायची, आणि ती कुठे कापायची

नवशिक्यांची अबोली पहिल्या बहरानंतर बंद पडते, ती बहुतेक याच कामात कुचराई झाल्यामुळे. कणीस खालून वर फुलत जातं. रोज एक-दोन फुलं, खालची गळतात, वरची उमलतात. शेंड्यापर्यंत पोचलं की कणसाचं काम संपलं. ते तसंच ठेवलंत तर झाड सगळा जोर बी भरण्यात घालवतं.

तेव्हा हिरवं कणीस वरून खाली चाचपत या. त्याच्या दांडीखाली पानांची पहिली जोडी लागेल. तिच्या थोडं वर कापा. आठ-दहा दिवसांत त्या दोन पानांच्या बेचक्यातून दोन फुटवे निघतात, आणि पुढे दोघांच्या टोकाला कणीस येतं. एकाची दोन, दोनाची चार. सावलीत वाढलेलं झाड भरगच्च दिसायचं गुपित एवढंच आहे. लोक मात्र नुसती वाळलेली फुलं वेचतात आणि कणीस ठेवून देतात.

वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या सुमारास, झाड एक तृतीयांशाने छाटा. हात कचरतो, पण छाटाच. नाशिक-विदर्भाकडे थंडी १० अंशांच्या खाली जाते तिथे डिसेंबर-जानेवारीत अबोली गप्प बसते, काही पानंही टाकते. तेव्हा छाटणी किंवा खत नको. कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्या आणि थंडी सरायची वाट बघा. परदेशात बर्फाच्या गावी राहणाऱ्यांनी ती घरातच, खिडकीशी ठेवावी.

८. काय बिघडलंय ते कसं ओळखायचं

झाड सुकतंय, माती ओली आहे: कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढा. मुळं काळी, मऊ असतील तर पाणी जास्त झालंय. कुजकी मुळं कापा, कोरड्या नव्या मातीत लावा, आणि शेंड्याच्या दोन काड्या लगेच वेगळ्या लावून ठेवा, झाड वाचेलच असं नाही. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. अबोलीची ही सगळ्यात मोठी वैरीण, आणि तिनं पोखरलेल्या मुळांतून मर रोगाची बुरशी शिरते. असं झाड मातीसकट फेकून द्या, कंपोस्टच्या डब्यात नको. माती टाकायची नसेल तर ओली करून, पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून एप्रिल-मेच्या उन्हात महिनाभर गच्चीवर तापवा. नंतर त्या कुंडीत एकदा झेंडू लावा. झेंडूच्या मुळांपुढे सूत्रकृमीचं फारसं चालत नाही, पण त्याला ऊन लागतं, म्हणजे तोही गच्चीवरच.

कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. सावलीत हवा खेळत नसेल तिथे हमखास. चार-सहा असतील तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं घासून काढा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. आठवड्यानं पुन्हा. आणि त्या फांदीवर मुंग्यांची रांग दिसली तर आधी मुंग्या हटवा, त्याच ढेकणांची राखण करतात.

९. एकाच्या अकरा

काड्यांवरून वाढवणं सोपं. जून-जुलैत, कणीस नसलेल्या फांदीची चार इंची काडी घ्या, फार कोवळी नको, फार लाकूडही नको. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा. ओल्या वाळूत दोन पेरं आत जातील अशी खोचा आणि वर पाण्याची तळ कापलेली प्लास्टिकची बाटली टोपीसारखी घाला, झाकण काढून. तीन-चार आठवड्यांनी हलकं ओढून बघा. अडलं तर मूळ धरलंय.

बियांची गंमत मात्र वेगळीच. एका वर्षी दोन-तीन कणसं बियांसाठी ठेवली होती, झाडावरच वाळून तपकिरी झाली होती. जूनच्या पहिल्या पावसात खिडकीशी बसले होते तर काचेवर टक, टक, टक. वाटलं गारा. बघते तर अबोलीच्या शेंगा. वाळलेल्या शेंगेला पाणी लागलं की ती ताडकन उलते आणि आतल्या चार बिया लांब भिरकावते. त्यानंतर मुलीला दुसरा उद्योगच नव्हता, ड्रॉपर घेऊन शेंगांवर थेंब टाकत बसायची. तुम्हाला बी हवं असेल तर वाळलेलं कणीस कापून खोलगट पातेल्यात ठेवा, पाणी शिंपडा आणि वर ताट झाका. आत लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. तो थांबला की बिया गोळा करा, पुसून वाळवा आणि त्याच पावसाळ्यात पेरा. उबदार हवेत उगवायला दोन ते चार आठवडे लागतात, मधेच कंटाळून माती उपसू नका. फुलायला बियांवरून पाच-सहा महिने, काडीवरून त्याच्या निम्मे.

१०. फुलं खुडणं

सकाळी, ऊन चढायच्या आधी. फूल पाकळीला धरून ओढलंत तर नळी तुटते आणि मग ते गुंफता येत नाही. कणीस डाव्या हातात धरायचं, उजव्या हाताची दोन बोटं नळीच्या मुळाशी न्यायची आणि सरळ वर ओढायचं. फूल अख्खं, लांब देठासारख्या नळीसकट हातात येतं. एक दिवसाआड खुडलंत तरी चालतं, ती झाडावर थांबतात.

वळेसरासाठी आई केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, धागा वापरते. सोपट उभं चिरून सुकवायचं आणि वापरण्याआधी पाण्यात भिजवायचं. सुती दोऱ्यासारखा तो नाजूक नळ्या कापत नाही. दोन फुलं नळ्या आत घेऊन डावीकडे तोंड करून, दोन उजवीकडे, मध्ये धाग्याचा एक फेरा आणि ओढून गाठ. पहिले वीतभर वाकडंतिकडं होतं. माझ्या अकरा कुंड्यांतून एका वेळी वीतभरच फुलं निघतात, म्हणून मी मधे मधे मरव्याची काडी घालते, तेवढाच वास. मरवा मात्र सावलीत येत नाही, तो पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडून आणावा लागतो.